पीठ नको, दाणं आण

पेनड्राइव्ह हातात दिला की अक्का आधी पदराच्या टोकानं कॉम्प्युटरची काच पुसायच्या. डावीकडून उजवीकडे एकदा, वरून खाली एकदा. फोटोत ठिपका दिसला तर तो फोटोतला की काचेवरचा, हा घोळ त्यांना नको असायचा. पुसून झालं की चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "दळून आणलंस, का दाणं आणल्यात?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. वाटलं, गिरणीचं कुणी गिऱ्हाईक मागे उभं असेल. दहिवडीत नुकताच स्टुडिओ टाकला होता, बोर्डावर नावाखाली 'डिजिटल' हा शब्द मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता, आणि पहिल्या लग्नाचे फोटो घेऊन मोठ्या ऐटीत विट्याच्या कलर लॅबमध्ये गेलो होतो. तिथं ही पन्नाशीची, काष्ट्याचं लुगडं नेसलेली, हनुवटीवर हिरवं गोंदण असलेली बाई कॉम्प्युटरसमोर बसून मला दळणाची चौकशी करत होती.

"लग्नाचे फोटो आहेत," मी म्हणालो.

"त्ये दिसतंय. पीठ हाय का दाणं?"

तुम्हालाही हे कळायला थोडा वेळ लागेल, म्हणून सांगतो. कॅमेरा फोटो दोन तऱ्हांनी देतो. एका तऱ्हेत तो स्वतःच रंग ठरवतो, डाग पुसतो, आकार लहान करतो आणि तयार फोटो हातात ठेवतो. त्याला जेपेग म्हणतात. तुमच्या-आमच्या मोबाईलवर रोज सकाळी फुलांसकट येतात ते सगळे तसलेच. दुसऱ्या तऱ्हेत कॅमेरा जे टिपलं ते सगळं, काही न करता, जसंच्या तसं बांधून देतो. ती रॉ फाईल. ती जड असते, उघडायला वेळ खाते, आणि उघडली की इतकी फिकी दिसते की फोटोग्राफरला स्वतःचीच लाज वाटते. अक्कांच्या हिशेबी जेपेग म्हणजे पीठ आणि रॉ म्हणजे दाणे.

मी अर्थातच पीठ नेलं होतं.

"आता पिठातला खडा कसा निवडू रं?" असं म्हणून त्यांनी नवरदेवाचा काळा कोट पडद्यावर मोठा केला. कोटभर लाल, हिरवे, जांभळे ठिपके. कुणी अंगावर रांगोळी सांडावी तसे. लग्न गोरज मुहूर्तावरचं होतं, मांडवात उजेड कमी. अशा वेळी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवावा लागतो, म्हणजे थोड्या उजेडात त्याला जास्त बघायला लावायचं. जास्त ताणलं की तो नसलेलंही बघायला लागतो. ते नसलेलं म्हणजे हे ठिपके.

"आन् हितं बघ," अक्का म्हणाल्या. नवरीची चुलती होती. चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. "खडं काढताना तुझ्या कॅमेऱ्यानं बाईचं तोंड बी काढलं. हिच्या गालावर वांग हुता, देवीचं वण हुतं. म्या बगितलंय हिला बाजारात. अर्धं खडं ठेवलं आन् अर्धी बाई काढून टाकली. पुढच्या बारीला पीठ नको, दाणं आण."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हातारीला काय कळतंय. ही माझी आयुष्यातली एक मोठी चूक, आणि सांगायला बरं वाटतं की ती पुढं दुरुस्त झाली.

अक्कांचं खरं नाव लॅबच्या मालकांनाही चटकन आठवत नसे. माहेर म्हसवडच्या बाजूचं, धनगराचं. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. दीडशे मेंढरांत प्रत्येकीचं तोंड त्यांना वेगळं ओळखू यायचं, आणि एक चुकली तर मोजायच्या आधी कळायचं. सासर आटपाडीकडचं. इकडची बरीच माणसं सोनं गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात, तसे अक्कांचे यजमानही तमिळ मुलखात एका गलाईच्या दुकानावर कामाला. वर्षातून दोनदा यायचे, जाताना डोळे पुसायचे, असं अक्काच सांगायच्या. "म्या न्हाई पुसत. मला काम असतंय."

लॅबमध्ये त्या आल्या झाडलोटीला. एके दिवशी लॅबचे मालक एका शालूच्या रंगाशी झटत बसले होते. अक्का केरसुणी हातात धरून मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जांभळा न्हवं त्यो. वांग्याचा हाय, कवळ्या वांग्याचा." मालकांनी वैतागून खुर्ची दिली. पुढं ती खुर्ची त्यांना परत मिळालीच नाही. इंग्रजी एक अक्षर येत नसताना अक्का सगळं शिकल्या, जागेच्या हिशेबानं. वरून तिसरं, उजवीकडून दुसरं. एकदा सॉफ्टवेअर नवं झालं आणि बटणं इकडची तिकडं गेली, तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. "माझ्या सैपाकघरातलं डबं कुणी हलवलं?" एवढंच म्हणत होत्या.

रंगीत ठिपक्यांना त्या खडे म्हणायच्या. रंग काढून टाकल्यावर जी करडी रवाळ नक्षी उरते, तिला कोंडा. खडे काढायचे, कोंडा ठेवायचा, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हणालो, "अक्का, कोंडाही काढा की. एकदम चकाचक होईल."

"कोंडा पोटाला बरा असतोय," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

गिऱ्हाइकांशीही असंच. एक नवरा मुलगा लग्नाच्या अल्बममधून गालावरचा तीळ काढा म्हणून आला. अक्का म्हणाल्या, "काढते की. आईला तेवढं इच्यारून ये." तो गेला तो थेट अल्बम न्यायलाच उगवला, तिळासकट. दुसऱ्या एका बाईंना रंग उजळ करून हवा होता. अक्कांनी केला, आणि पडदा त्यांच्याकडे वळवून विचारलं, "ह्या पावण्या कोण म्हणायच्या?" बाई स्वतःच हसायला लागल्या.

एवढा हट्ट कशाचा, हे मला फार उशिरा कळलं. एका दुपारी लाइट गेली होती, काम बंद होतं, आणि चहा येईपर्यंत मी सहज विचारलं की तुम्हाला हे डाग पुसायचं एवढं वावडं का.

"म्या माझ्या आईला पुसलंय," अक्का म्हणाल्या.

खुर्ची नवीन मिळाली होती तेव्हाची गोष्ट. लॅबचा कॅमेरा मागून घेऊन त्या माहेरी गेल्या. दिवेलागणीला, वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, आईचा फोटो काढला. आईच्या हनुवटीवर डाव्या अंगाला गोंदणाचे तीन तिरके ठिपके होते. गोंदताना आईला हसू आलं होतं, सुई घसरली, आणि तिसरा ठिपका जरा खाली गेला. अक्का लहान असताना त्यांनाही आईसारखंच हवं म्हणून रडल्या, तर गोंदणाऱ्या बाईनं त्यांचा तिसरा ठिपका मुद्दाम खाली दिला. असे दोघींचे तीन-तीन ठिपके.

"नवं नवं शिकल्याले. खडं काढलं. मग म्हनलं आईची हनुवटी बी साफ करू, शहरातल्या बाईगत दिसंल. केली. आन् तशीच साठवून टाकली, पहिल्या फोटूवरच. दाणं राहिलंच न्हाईत. मोठा करून, फ्रेम करून नेला. आईनं हातात घेतला. म्हनली, ही कोण बाई?"

आमच्याकडच्या जुन्या बायका मानतात की मेल्यावर माणसाबरोबर जातं ते गोंदण तेवढंच, बाकी सगळं इथं राहतं. अक्कांच्या आईनं तो फोटो भिंतीला लावू दिला नाही. मुलीला रागावलीही नाही. दुसरा काढू म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि आईही गेली. चहा आला तेव्हा अक्कांनीच माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "तोंड असं करू नकोस, चहा नासतोय."

त्याच दिवशी त्यांनी माझा कॅमेरा मागून घेतला. जेपेगबरोबर रॉ फाईलही साठवली जाईल अशी सोय करून दिली आणि दम भरला, "ह्याला हात लावायचा न्हाई." मी हात लावला नाही. कार्ड निम्म्यातच भरायचं, भर लग्नात मी दुसरं कार्ड शोधत खिसे चाचपायचो, नवरानवरी हार धरून ताटकळायची, आणि मी मनातल्या मनात अक्कांचा उद्धार करायचो. पण हात लावला नाही.

आणि मग त्या दोन आज्या आल्या.

कडेगावच्या बाजूला एक उसाचं गाव आहे, घरटी एक माणूस फौजेत. त्यातल्या एका फौजीची सुट्टी संपत आली होती आणि घरात त्याच्या आजीची पंचाहत्तरी होती. आजीची म्हणजे आज्यांची. दोघी जुळ्या. एक थोरली, एक पाव तासानं धाकली, आणि दोघी एकाच घरात सख्ख्या भावांना दिलेल्या. फौजी थोरलीचा नातू, पण वाढवला दोघींनी. दोघी इतक्या सारख्या की त्यांच्या आईनं पाळण्यातच थोरलीच्या हनुवटीवर एक आणि धाकलीच्या हनुवटीवर दोन ठिपके गोंदवून घेतले होते, एकीलाच दोनदा दूध जाऊ नये म्हणून. त्या घरातलं माणूस बोलायच्या आधी आजीच्या हनुवटीकडे बघतं. पुरुषमाणसंसुद्धा. मला आधी ते लाजतात असंच वाटलं होतं.

कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात, शुक्रवारी संध्याकाळी. नातवानं दोघींना एकसारखी हिरवी लुगडी आणली होती. परवा निघायचं म्हणून फौजीही ओवाळून घ्यायला बसला आणि लाइट गेली. राहिल्या दोन समया आणि ओवाळणीचं निरांजन. मी आयएसओ बारा हजार आठशेवर नेला आणि देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात एका आजीनं नातवाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि ती हसली. बोळक्या तोंडानं, डोळे बारीक करून, असं हसू मी त्याआधी माझ्या कॅमेऱ्यात पाहिलं नव्हतं. मी तीन फोटो पाठोपाठ घेतले. घरी जायच्या आधीच त्यातला मधला जेपेग फौजीच्या मोबाईलवर पाठवून दिला आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

सकाळी त्याचा फोन आला.

"दादा, फोटू एक नंबर हाय. पर ह्यात कोण हाय?"

"म्हणजे? तू आहेस, आजी आहे."

"कुठली आजी? हनुवटी कोरी हाय."

मी फोटो मोठा करून पाहिला. हनुवटी गुळगुळीत. अंधारातले ठिपके पुसताना कॅमेऱ्यानं आजीचं गोंदणही पुसलं होतं. त्याला काय ठाऊक, कोणता ठिपका कशाचा.

"तुला आठवत नाही का, कोण होतं?"

"मी डोळं मिटल्यालं, दादा. रडू याय लागल्यालं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "दोघी म्हणत्यात मीच. रातच्याला भांडल्या. पंचाहत्तर वर्सांत पैल्यांदा. आता एक वसरीत बसलीया, एक परड्यात. सकाळचा च्या बी निराळा झाला. उद्या सकाळी माझी गाडी हाय. असं घर मागं टाकून मी कसा जाऊ?"

एवढ्या वर्षांत मी लोकांचे डोळे मिटलेले फोटो काढले होते, डोकी कापली होती, एकदा वराच्या जागी करवल्याचाच अल्बम भरला होता. पण कुणाचं घर मोडलं नव्हतं. मी म्हणालो, "दोघींना घेऊन विट्याला ये." आणि कॅमेरा गळ्यात अडकवून पहिल्या एसटीत बसलो.

लॅबमध्ये मी सगळं सांगितलं. अक्कांनी पदरानं काच पुसली. "दाणं हायत न्हवं?"

"आहेत. तिन्ही."

"मग वरडतुयास कशाला?"

दुपारी जीप आली. दोन्ही आज्या बाकड्याच्या दोन टोकांना बसल्या आणि फौजी मधे, दोन्ही बाजूंना सारखंच अंतर ठेवून. थोरलीची नजर अधू झालेली, तिनं पडद्याकडे तोंड केलं ते अंदाजानंच. अक्कांनी मधली रॉ फाईल उघडली आणि हनुवटी पडदाभर मोठी केली.

माझा धीरच सुटला. खडेच खडे. लाल, हिरवे, निळे. त्यात गोंदणाचे एक की दोन की सात, कोण सांगणार? लॅबचे मालकही येऊन मागे उभे राहिले. त्यांनी अलीकडेच एका बटणात सगळं स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर आणलं होतं. ते म्हणाले, "अक्का, नवीन बटण दाबून बघा की."

"त्या बटणानं लय स्वच्छ हुतंय," अक्का म्हणाल्या. "माणूस बी राहत न्हाई."

मग त्यांनी तिन्ही फोटो उघडले, हनुवटीवर हनुवटी बसवली, आणि एकामागून एक दाखवायला लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा. परत पहिला. मुंग्यांचं वारूळ फुटल्यागत खडे पडदाभर सैरावैरा होत होते.

"बघ आता," त्या मला म्हणाल्या. "खडा जागा बदलतोय. गोंदण बदलत न्हाई."

खरोखरच, त्या सगळ्या धावपळीत दोन हिरवट ठिपके जागच्या जागी होते. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, तिसऱ्यात. एवढी वर्षं कॅमेरा गळ्यात घेऊन हिंडलो आणि एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं.

"दोन," फौजी म्हणाला.

"म्या सांगत हुते," धाकलीनं मांडीवर थाप मारली. "सांगत हुते का न्हाई?"

थोरली लुगड्याचा पदर नीट करत राहिली. मग हळूच म्हणाली, "आसंल बाई. नजरंचं काय सांगावं. पर माझा हात पोराच्या पाठीवर हुता, एवढं मला याद हाय."

ते ऐकून धाकलीचा हातही मांडीवरच राहिला. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर फार वेळ टिकला नाही. फौजी खाली मान घालून बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. मला ते बघवेना. मी अक्कांच्या कानाशी वाकलो आणि कुजबुजलो, "एक ठिपका पुसला तर?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यांची आई, तो फोटो, सगळं मला सांगून झालेलं होतं, आणि तरीही मी ते बोललो होतो. आजही आठवलं की कान गरम होतात.

"हात पाठीवर हुता म्हनली न्हवं का ती," अक्का म्हणाल्या. "मग हुडकू की हात."

पिठात आणि दाण्यात खरा फरक काय, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं. जेपेगमध्ये फौजीच्या खांद्यामागं नुसता काळा अंधार होता. कॅमेऱ्यानं तो अंधार म्हणून दळून टाकला होता. रॉ फाईलमध्ये अक्कांनी तोच अंधार बोटाबोटानं उजळायला घेतला. जसजसा उजेड वर आला, तसतसे खडे उसळले. मालक म्हणाले, "फोटो फुटला." अक्का थांबल्या नाहीत. खड्यांच्या त्या धुरळ्यात आधी देवळाचा खांब दिसला. मग फौजीच्या पाठीवर चार बोटं दिसली, आणि त्यातली करंगळी वाकडी होती.

"माझं बोट हाय ह्ये," फौजीनं पडद्यावरचं वर्णन सांगताच थोरली म्हणाली. "बैलाच्या दाव्यात गावल्यालं."

अक्कांनी आणखी थोडं वर उजळलं. नातवाच्या खांद्यामागून एक चेहरा निघाला. बोळकं तोंड, बारीक डोळे. हसू तेच, अगदी तेच. अक्कांनी पुन्हा तिन्ही फोटो एकामागून एक फिरवले. खडे नाचले, चेहरा राहिला, आणि हनुवटीवर एक ठिपका राहिला. एकच.

"एक," फौजी म्हणाला.

दोघीही खरं बोलत होत्या. दोघी त्याच फोटोत होत्या, दोघी त्याच क्षणाला हसत होत्या, एक पुढून आणि एक मागून. धाकली बाकड्यावरून सरकत सरकत थोरलीपाशी गेली. "तू मागं उभी हुतीस व्हय गं?"

"मग कुटं जाणार हुते?" थोरली म्हणाली. "तू पुढं घुसलीस तर."

त्यावर दोघी हसायला लागल्या, आणि फौजी रडायला लागला, आणि मालकांनी चहा सांगितला. चहा आला तेव्हा धाकलीनं तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी थोरलीच्या हातात दिली. मी कॅमेरा उचलला होता. अक्कांनी डोळ्यांनीच नको म्हटलं, म्हणून खाली ठेवला.

प्रिंट काढायची वेळ आली तेव्हा मालक कुरकुरले. असा फोटो बाहेर गेला तर लॅबचं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी रंगीत खडे होते तेवढे हलक्या हातानं निवडले, कोंडा सगळा ठेवला, तीनदा हनुवट्या तपासल्या आणि म्हणाल्या, "मागच्या बाजूला लॅबचं नाव छापू नका म्हंजे झालं." त्या लॅबमधून बाहेर पडलेला तो सर्वांत रवाळ फोटो असेल. फौजीनं तो दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवला, वर प्लास्टिक गुंडाळलं, आणि निघताना अक्कांना वाकून नमस्कार केला. जीप गेल्यावर अक्कांनी परत एकदा काच पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती. मग त्याच पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसल्या, "बसलायस काय? एसटी जाईल."

गेल्या वर्षी अक्कांनी लॅब सोडली. वाईट काही घडलं नाही. त्यांचे यजमान तमिळ मुलूख सोडून कायमचे घरी आले, आटपाडीकडं दोन खोल्या बांधल्या आणि वीस मेंढरं घेतली. "आता त्येंची तोंडं वळखायची हायत मला," अक्का म्हणाल्या, आणि हे त्या मेंढरांबद्दल बोलत होत्या की नवऱ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला कॅमेरा घेऊन बोलावलं. मला नवलच वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा एक फोटो काढू दिला नव्हता. मी कॅमेरा रोखला की त्या पदर आडवा धरायच्या.

"माझा न्हवं," त्या खुर्चीत नीट बसत म्हणाल्या. "आईचं जे म्या पुसलं, त्ये माझ्या हनुवटीवर अजून हाय. त्येवढं घे."

लॅबमध्ये उजेड नेहमीच कमी. फ्लॅश लावू का विचारलं तर नको म्हणाल्या. मी आयएसओ वाढवला, श्वास धरला आणि पाठोपाठ दोन फोटो घेतले. दुसऱ्या फोटोच्या वेळी त्यांना हसू आलं.

"निवडून देऊ का?" मी विचारलं.

"दाणंच दे. माझी मी निवडीन."

मी पेनड्राइव्ह दिला. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि स्टँडकडे चालू लागल्या. मी पिशवी धरायला पुढं झालो तर म्हणाल्या, "तुला लग्न हाय न्हवं संध्याकाळचं? जा. आन् दाणं आण."

कधीमधी फोन येतो. मेंढरं बरी आहेत, यजमान भाकरी करायला शिकतायत, पाऊस नाही. मी विचारतो, "अक्का, फोटो निवडला का?" त्या म्हणतात, "न्हाई रं. हितं कुटं कॉम्प्युटर? पर हाय माझ्यापाशी." आणि तेवढ्यानंच खूश असतात.

ते दोन फोटो माझ्याकडेही आहेत, एकही खडा न काढलेले. काम कंटाळवाणं झालं की मी ते उघडतो. आधी रुमालानं काच पुसतो. मग पहिला, दुसरा, परत पहिला, असे फिरवत बसतो. लाल, हिरवे, जांभळे खडे त्यांच्या कपाळावरून गालावर, गालावरून पदरावर पळत राहतात. ओठ पहिल्यात मिटलेले असतात आणि दुसऱ्यात हसतात. हनुवटीच्या डाव्या अंगाचे तीन ठिपके मात्र हलत नाहीत. तिसरा जरा खाली घसरलेला असतो, आणि तो तिथंच असतो.